रंगवाली आणि घड्याळजींचं पोटॅशियम

रंगवाली सासऱ्याला तुरटी चारते, अशी कुजबुज एका उन्हाळ्यात आमच्या इमारतीत सुरू झाली. चारते म्हणजे वाटीत घालून समोर ठेवते असं नव्हे. रोज चिमूटभर, भाजीत विरघळवून, म्हाताऱ्याला पत्ता लागू न देता. ही कुजबुज कुणी सुरू केली ते मला विचारू नका. तळमजल्यावरचा औषधवाला म्हणतो, मला जिन्यात कळलं. जिन्यातल्या बायका म्हणतात, आम्हाला औषधवाल्यानं सांगितलं. आमच्याकडे ती दुधाच्या पिशवीबरोबर आली, आणि आमच्या हिनं दूध गॅसवर ठेवायच्याही आधी मला सांगितली. यावरून बातमीचं वजन काय ते ओळखा.

"तुरटीनं माणूस मरतो?" मी विचारलं.

"एकदम नाही मरत," ही म्हणाली. "हळूहळू. तीच तर खुबी आहे."

"आणि हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला हवं? समजतं." असं म्हणून तिनं दूध ओतलं, आणि ओतताना का कोण जाणे, पातेलं दोनदा विसळून घेतलं.

आता ही रंगवाली कोण, ते आधी सांगतो. आमच्या शेजारच्या दारातली सून. नवरा जहाजावर, इंजिनाच्या खोलीत कामाला. वर्षातला बराचसा काळ तो समुद्रावर आणि उरलेला काळ झोपलेला. घरात ती आणि सासरे, दोघंच. तिचा धंदा विटलेल्या कपड्यांना पुन्हा रंग चढवण्याचा. तो तिनं मावशीकडून उचलला होता. मावशी नाटकमंडळ्यांचे कपडे रंगवायची. एकाच झग्यावर राणीचा रंग चढवायची आणि पुढच्या नाटकाला तोच झगा चेटकिणीचा करून द्यायची. रंगवालीच्या मागच्या गॅलरीत दोन मोठी पिंपं, एक शेगडी आणि ढवळायला गुळगुळीत झालेला दांडका. फळीवर बरण्या: जाडं मीठ, धुण्याचा सोडा आणि तुरटी. रंग कापडाला धरावा म्हणून तुरटी लागते. हॉटेलांचे पडदे, वेटरांच्या काळ्या पँटी, कॉलेजातल्या पोरींच्या जीन्स, सगळं तिच्याकडे यायचं. तिची नखं बघून आम्ही ओळखायचो की आज कुणाचं काम चाललंय. निळी असली तर कॉलेज, तपकिरी असली तर हॉटेल.

बाई कामाला चोख, पण तोंडानं भारी. म्हणजे बडबडी नव्हे. उलट कमी बोलायची. बोलायची ते मात्र असं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, की समोरच्याला कळू नये ही थट्टा आहे की खरं. मी एकदा माझा पांढरा सदरा तिच्याकडे नेला. "याला कोणता रंग देऊ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मला शोभेल असा. तिनं मला खालून वर न्याहाळलं. "मग आहे तसाच घेऊन जा, काका. जितका कमी दिसेल तितकं बरं."

आणि सासरे म्हणजे घड्याळजी. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, पण डोळ्याला लावायचं भिंग सोडलं नाही. ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांकडे अशा नजरेनं बघायचे, जणू प्रत्येकाच्या आत कुठल्या तरी चाकाचा दात झिजलाय. आयुष्यभर त्यांच्यासमोर गिऱ्हाईकं उभी राहून म्हणाली, "पडलं नाही हो, आपोआप बंद झालं." घड्याळजींनी त्यातल्या एकाचाही शब्द कधी खरा मानला नाही. आपोआप काही होत नाही, कुणीतरी काहीतरी करतं, हा त्यांचा धर्म.

या दोघांचं जेवताना चालायचं ते संभाषण आमच्या भिंतीतून सहज यायचं. भिंत पातळ, आणि आमचे कान जाड नव्हेत.

"भाजी कडू का लागतेय?"

"विष घातलंय. गुपचूप खा, बाबा."

"जास्त झालंय."

"उद्या कमी घालते."

मग दोघंही हसायची. पण हसण्याचा आवाज भिंतीतून येत नाही, शब्द येतात. पुढे हे शब्द कुठे कुठे पोचले ते बघा.

त्या वर्षी घड्याळजींच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि रक्त तपासून घ्या म्हणाले. रक्त काढायला घरी यायचा तो माणूस आमच्या सगळ्या भागाचा ओळखीचा. त्याला सगळे डास म्हणायचे, तोंडावरसुद्धा. तोही दार वाजवून "डास आलाय" असंच म्हणायचा. सडपातळ, हसरा, हात हलका. सकाळी उजाडताच स्कूटरवरून फिरायला लागायचा, घरोघरच्या नळ्या भरायचा, आणि दुपारी त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायचा. घड्याळजींना सकाळचा चहा रक्त दिल्यावरच मिळणार होता. म्हणून त्यांनी डासाला बजावून ठेवलं होतं, "सगळ्यात आधी माझ्याकडे यायचं." डास यायचा.

अहवाल आला. रक्तात पोटॅशियम वाढलेलं.

डॉक्टर गंभीर झाले. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय चालता चालता थांबू शकतं, म्हणाले. नवी गोळी बंद केली. केळी बंद, संत्री बंद, सुकामेवा बंद, बटाटा उकडून पाणी फेकून द्यायचं. रंगवालीनं सगळं पाळलं. पुन्हा डास आला, पुन्हा अहवाल आला. पोटॅशियम तितकंच, किंचित जास्तच.

आता गंमत अशी की घड्याळजी ठणठणीत. जिना चढत होते, औषधवाल्याशी भांडत होते. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, तीही व्यवस्थित. त्यांनाच ते खटकलं, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला: नमुना खराब तर झाला नाही ना? रक्तातल्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. प्रयोगशाळेनं सांगितलं, पेशी फुटल्या असत्या तर रक्त खाली बसल्यावर नळीत वर राहणारं पाणी लालसर झालं असतं. इथे ते स्वच्छ पिवळं आहे. नमुना उत्तम आहे.

मग डॉक्टरांनी घड्याळजींच्या मुलीला विचारलं, "घरी काही वेगळं घेतात का? काही क्षार, काही पावडर?"

हा प्रश्न त्यांनी साधेपणानं विचारला. पण विचारला कोणाला? घड्याळजींची मुलगी, म्हणजे रंगवालीची नणंद, हिला सगळे ताई म्हणतात. ताई शाळेत शिकवते आणि परीक्षेच्या वेळी वर्गात पहारा देते. मोज्यात लपवलेली चिठ्ठी ती मुलाच्या चालण्यावरून ओळखते. तिच्या मनात शंकेची पाल एकदा चुकचुकली की ती पाल मग तिथेच घर करून राहते.

ताई डॉक्टरांकडून निघाली ती थेट औषधवाल्याकडे. "कुठल्या पावडरीत पोटॅशियम असतं हो?"

औषधवाल्याला विचारणारं कुणी भेटलं की तो सोडत नाही. त्यानं दोन-चार नावं घेतली आणि शेवटी म्हणाला, "तसं तुरटीतसुद्धा असतं म्हणा."

ताईनं वर बघितलं. वर, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या गॅलरीत, पिंपाच्या शेजारी, फळीवर.

झालं. दुसऱ्या दिवशी दूध आणि बातमी एकदमच आली.

त्यानंतर आमच्या इमारतीत जो तो डोळ्यांत तेल घालून बघायला लागला. रंगवाली बटाट्याचं पाणी मोरीत ओतायची, तर वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पुरावा ओतला." ती भाजी चाखून बघायची नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. "चाखेल कशी?" तिनं एकदा आम्हाला चहाला बोलावलं. चहा पुढे आला, आणि आमची ही माझ्या कपाकडे बघत बसली. मी प्यायलो. ही म्हणाली, "मला आज पित्त आहे."

रंगवालीला हे कळलं नसेल? तिला कळत होतं. तिचा संशय वेगळीकडेच होता. तिला वाटत होतं, सासरे बाहेर जाऊन चोरून केळी खातात. ती त्यांच्या खिशांत हात घालून बघायची, कोपऱ्यावरच्या फळवाल्याला दरडावायची. "ते आले तर देऊ नका."

"ते येतच नाहीत हो वहिनी."

"येत नाहीत, की 'सांगू नकोस' म्हणालेत?"

फळवाला शपथा घ्यायला लागला. ज्या अर्थी एवढ्या शपथा घेतोय त्या अर्थी पाणी मुरतंय, असं रंगवालीला वाटलं.

डॉक्टरांनी शेवटी घड्याळजींना इस्पितळात ठेवून घेतलं. तिथे त्यांचं रक्त काढलं आणि लगेच खालच्या मजल्यावर तपासलं. पोटॅशियम अगदी जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, पुन्हा जागेवर. घरी सोडलं. आठवड्यानं डास आला, रक्त घेऊन गेला, आणि पोटॅशियम पुन्हा वर!

आता सांगा, तुम्ही न्यायाधीश असतात तर काय केलं असतंत? इस्पितळातलं अन्न खाल्लं की माणूस बरा, सुनेच्या हातचं खाल्लं की आकडा वर. याहून स्वच्छ पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाही. जिन्यात त्या दिवशी कुणी कुजबुजलं नाही; सरळ मोठ्यानं बोलले.

ताई आली. गॅलरीत जाऊन तिनं तुरटीची बरणी उचलली, उजेडात धरली. आम्ही आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. घालायला कपडे फारसे नव्हते, पण घालत होतो.

"ही एवढी कमी कशी झाली, वहिनी?"

"कापडाला लागते, ताई."

"कापडालाच ना?"

रंगवालीनं तिच्याकडे बघितलं. इथे एखादी रडली असती, पाया पडली असती. ही म्हणाली, "नाही. थोडी चहात घालते. तुम्हाला देऊ?"

थट्टा कुठे करावी याचं भान देवानं तिला दिलंच नव्हतं. ताईनं बरणी घेतली आणि पर्समध्ये टाकली. मग आतून घड्याळजींचा आवाज आला, आणि तो आवाज मला अजून आठवतो, कारण त्यात भांडण नव्हतं.

"सूनबाई, आजपासून तुझ्या हातचं मी खाणार नाही."

रंगवाली दारातच उभी राहिली. "तुम्हालाही वाटतं, बाबा?"

"आपोआप काही होत नाही," घड्याळजी म्हणाले.

ताईनं जहाजावर फोन लावला होता. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. भिंतीतून एकच बाजू ऐकू येत होती. "हो... नाही... तुम्हीसुद्धा?... बरं." मग पुन्हा, "बरं." तो म्हणाला होता, तू काही दिवस मावशीकडे जाऊन राहा. मावशी तेव्हा एका खोलीत, अंथरुणाला खिळलेली. तिथे पिंपं लावायला जागा नव्हती, आणि पिंपांशिवाय रंगवालीला रंगवाली कोण म्हणणार? तिच्यासाठी घर, धंदा आणि नवऱ्याचा विश्वास, तिन्ही एका बरणीच्या झाकणावर येऊन बसले होते.

ताई वडलांना आपल्या घरी घेऊन गेली. रंगवाली मावशीकडे गेली नाही. तिनं दोन रस्ते सोडून एका इस्त्रीवाल्याच्या मागची ओसरी मिळवली आणि पिंपं हातगाडीवर घालून तिकडे नेली. जिन्यातून पिंप उतरवताना कुणीही हात लावला नाही. मी पुढे झालो, तर म्हणाली, "राहू द्या काका, रंग लागेल."

ताईच्या घरी कडक बंदोबस्त. भाजी ती स्वतः निवडायची, स्वतः शिजवायची, वडलांना वाढायची आणि जेवण होईपर्यंत समोर बसून राहायची. मीठसुद्धा नव्या पुड्यातलं. ताईला सकाळी लवकर शाळा, म्हणून तिनं डासाला सांगितलं, "उजाडायच्या आत या, सगळ्यात आधी आमच्याकडे." ताईचं घर प्रयोगशाळेपासून आमच्याहूनही लांब. डास आला. रक्त नेलं.

आकडा आजवरच्या सगळ्यांहून वर!

ताईनं अहवाल वाचला आणि खाली बसली. आता संशय घ्यायचा कोणावर? शिजवलं तिनं, वाढलं तिनं. तिनं आधी नवऱ्यावर घेतला. त्यानं एकदा सासऱ्यांना पेपर वाचायला दिला होता, बस, एवढ्यावर. नवरा दोन दिवस बोलला नाही. आणि घड्याळजी? त्यांनी भिंग लावून मुलीच्या हातच्या पोळीकडे बघितलं, आणि पोळी बाजूला सारून म्हणाले, "मला एक उकडलेलं अंडं दे. सोलू नकोस. मी सोलतो."

ताई पुढे किती तरी वेळा सांगायची, "मी वहिनीला जे केलं ना, ते बाबांनी मला एका अंड्यात केलं."

त्या अंड्यानं तिची झोप उडवली आणि डोकं जागेवर आणलं. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून ती प्रयोगशाळेत गेली. भांडायलाच गेली होती. "तुमच्याकडे नळ्या बदलतात! दुसऱ्या कुणाचं रक्त माझ्या वडलांच्या नावावर जातंय!" संशय सोडायची तिची तयारी नव्हती, फक्त त्याला नवं घर हवं होतं.

तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. इस्पितळात आकडा बरोबर, घरी चूक, मुलीच्या घरी जास्त चूक. हृदयाची पट्टी व्यवस्थित. नमुना स्वच्छ. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इस्पितळात रक्त लगेच तपासलं. मग तुमच्या घरून ते इथपर्यंत येतं कसं?"

तेवढ्यात सकाळची फेरी संपवून डासच आला. त्याला बोलावलं. तो ऐटीत थर्मोकोलचा डबा घेऊन आला आणि झाकण उघडलं. आत बर्फाचा चुरा, गच्च भरलेला, आणि त्यात नळ्या गळ्यापर्यंत रुतलेल्या.

"बघा मॅडम," डास ताईला म्हणाला, "एक थेंब खराब होऊ देत नाही मी. मासळीवाला जिथून बर्फ घेतो तिथूनच घेतो. उजाडायच्या आधी भरतो."

"हे कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उन्हाळा लागल्यापासून. मागच्या वर्षी उन्हात एक नमुना खराब झाला, तेव्हा इथूनच बोलणी बसली होती ना, की गार ठेव म्हणून. या वर्षी म्हटलं, बोलायला जागाच ठेवायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. डासाला रागावल्या नाहीत. "आम्ही गार म्हणालो," त्या म्हणाल्या, "किती गार ते सांगितलं नाही, आणि कशासाठी नाही तेही नाही." मग ताईकडे वळल्या. "तुमच्या शाळेला तळघर आहे?"

"आहे. त्याचं इथे काय?"

"पाणी झिरपतं त्यात?"

"झिरपतं ना. मोटर लावलीय उपसायला. सारखी चालू असते."

"मोटर बंद पडली तर?"

"तळघर भरतं."

"मग तुम्ही म्हणता का, की कुणीतरी येऊन बादल्या ओतल्या? किंवा भिंत फुटली?"



डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी ताईच्या तोंडून ऐकलं, आणि ताईनं ते आम्हाला फळ्यावर लिहिल्यासारखं सांगितलं. रक्तातल्या प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम खच्चून भरलेलं असतं. बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट. सोडियमचं उलट, ते बाहेर जास्त. जिथे गर्दी तिथून जिथे मोकळं तिकडे जायची सगळ्यांची ओढ, त्याला काही खर्च लागत नाही. म्हणून पोटॅशियम पेशीच्या आवरणातून सारखं बाहेर निसटत राहतं आणि सोडियम आत घुसत राहतं. हे असंच चालू दिलं तर दोन्हीकडे सारखं होऊन पेशी कामातून जाईल. म्हणून त्या आवरणात बारीक बारीक पंप बसवलेले असतात. एका फेरीत तीन सोडियम बाहेर हाकलायचे, दोन पोटॅशियम आत ओढायचे. म्हणजे उताराच्या उलट, चढावर. फुकट नाही होत ते. दर फेरीला इंधन जळतं, आणि ते इंधन पेशी साखरेतून बनवते. माणूस स्वस्थ पडलेला असतो तेव्हाही त्याच्या अन्नातला मोठा वाटा या उपशावरच खर्च होतो.

"आणि बर्फात घातलं की?" ताईनं विचारलं.

"पेशी मरत नाही, फुटत नाही. म्हणून वरचं पाणी स्वच्छ दिसतं. पण पंप जवळजवळ थांबतात. गळती मात्र चालूच राहते. जितका वेळ बर्फात, तितकं पोटॅशियम बाहेर. तुमच्या वडलांची नळी सगळ्यात आधी भरायची, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ बर्फात. तुमच्या घरून तर अजूनच जास्त."

"मग बाकीच्यांचं कसं नाही वाढलं?" पहारेकरी बाई ती, सहजी सुटू देणार नाही.

"बाकीच्यांची बहुतेक साखरेची तपासणी. तिला गार ठेवलेलं चालतं. ज्यांचं पोटॅशियम बघायचं होतं, त्यांच्या नळ्या फेरीच्या शेवटी भरलेल्या; त्यांचं थोडं वाढलं असेल, कुणी लक्ष दिलं नसेल."

ताईला अजून पटेना. डॉक्टरीणबाईंना ते दिसलं. त्या डासाला म्हणाल्या, "यांचंच घे." ताईनं बाही वर केली. डासानं दोन नळ्या भरल्या. एक तिथल्या तिथे तपासली: पोटॅशियम जागेवर. दुसरी बर्फाच्या चुऱ्यात खुपसली. ताई डब्यासमोर खुर्ची टाकून बसली, कुणी हात लावतंय का बघत. परीक्षेच्या पहाऱ्यात तिला कधी पाणी प्यायला उठलेलं कुणी पाहिलं नाही, तशीच. रात्री उशिरा ती नळी काढली आणि तपासली.

ताईचं पोटॅशियम वडलांच्याही वर गेलं होतं, आणि ताई समोर धडधाकट बसलेली होती.

डास खाली मान घालून म्हणाला, "मी तर जपत होतो हो."

"माहीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता कमी जप."

दुसऱ्या दिवशी ताई इस्त्रीवाल्याच्या मागच्या ओसरीवर गेली. घड्याळजींना रिक्षात घालून सोबत नेलं होतं. रंगवाली पिंपात दांडका फिरवत होती. हॉटेलाचे पडदे, नखं तपकिरी. ताईनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सांगून झाल्यावर पर्समधून तुरटीची बरणी काढून फळीवर ठेवली.

"वहिनी, चुकलं माझं."

"हं," रंगवाली म्हणाली.

घड्याळजी घसा खाकरत पुढे झाले. "जुन्या घड्याळातलं तेल थंडीत घट्ट होतं. घड्याळ मागे पडतं. गिऱ्हाईकाचा काही दोष नसतो. मला हे कळायला हवं होतं." एवढं मोठं वाक्य त्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागताना वापरलं नसेल. मग हळूच म्हणाले, "घरी चल. तुझ्या हातचं जेवतो."

रंगवालीनं दांडका पिंपाच्या काठावर टेकवला. "घरी येते. पण स्वयंपाक नाही करणार."

"मग?"

"तुम्ही करायचा. मी जेवेन." चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "मला तुमचा संशय नाही, बाबा."

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं तो घड्याळजींच्या हातात दिला. "काय बोलायचं ते त्यांच्याशी बोला, मला काम आहे." त्याला बिचाऱ्याला परत यायला बरेच महिने होते आणि तितके महिने तो फोनवर वडलांशीच बोलला. आल्यावर त्यांचं काय झालं ते मात्र भिंतीतून ऐकू आलं नाही, आमची ही कान लावून बसली असूनसुद्धा.

घड्याळजी भाजी चिरायला शिकले. थरथरत्या हातानं कांदा चिरायचे, भिंग लावून. पहिल्या आठवड्यातलं सगळं करपलेलं. आमच्या भिंतीतून ऐकू यायचं:

"कसं झालंय?"

"भयंकर."

"मग खातेस कशाला?"

"तुम्ही समोर बसलायत म्हणून."

आमच्या हिला अजूनही वाटतं, आगीशिवाय धूर निघत नाही. मी तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं समजावून सांगितलं. पंप, साखर, बर्फ. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "बरं. पण तुरटी खरंच कमी झाली होती."

कमी झाली होती, कारण त्या महिन्यात हॉटेलानं पडद्यांचे दोन मोठे गठ्ठे दिले होते. रंगवालीनं सासऱ्याच्या ताटात कधीच काही मिसळलं नाही. डास रक्ताच्या नळ्या बर्फात ठेवत होता. थंडीत पेशींचे पंप थांबत होते आणि पेशींतलं पोटॅशियम नळीतच बाहेर येत होतं. घड्याळजींच्या अंगात ते कधीच वाढलेलं नव्हतं.